सर्वांत कमी दराचा कम्प्युटर

माझ्या हातून आजवर एकच यंत्र तयार झालं. त्या यंत्रावर माझ्या त्र्याहत्तर वर्षांच्या वडिलांनी पहिल्या दहा मिनिटांत एक टपालपेटी, दोन बकऱ्या आणि भाजीची एक हातगाडी उडवली. हे सगळं पडद्यावर घडलं हे खरं, पण ते बघायला आमच्या बाहेरच्या खोलीत शेजारची मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. टपालपेटी उडाली तेव्हा कोणीही वडिलांकडे बघितलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण यंत्र मी बनवलं होतं.

मूळ भानगड लायसनची. अप्पांनी चौतीस वर्षं बस चालवली आणि त्या चौतीस वर्षांत एका कोंबडीलाही धक्का लागू दिला नाही. आज आमच्या घरात गाडी नाही, स्कूटर नाही. एक सायकल आहे, तिला लायसन लागत नाही. तरीही रोज सकाळी आंघोळ झाली की अप्पांचं लायसन त्यांच्या शर्टाच्या खिशात जातं आणि शर्ट उतरेपर्यंत तिथेच असतं. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कोणी नाव विचारलं की अप्पा आधी लायसन काढतात आणि मग नाव सांगतात.

आता सत्तरीपुढच्या माणसाला लायसन चालू ठेवायचं तर लायसन ऑफिसात मशीनवर परीक्षा द्यावी लागते. एका खोलीत खुर्ची, स्टिअरिंग, पायाशी पेडलं आणि समोर पडदा. पडद्यावरच्या रस्त्यावरून पडद्यावरची गाडी वीस मिनिटं चालवायची. संधी तीन. तिसरी हुकली की लायसन कायमचं रद्द, आणि ते तिथल्या तिथे काढून घेऊन त्याला पंच मशीननं भोक पाडतात. पहिल्या खेपेला अप्पांच्या गाडीखाली कुत्रं आलं. दुसऱ्या खेपेला एक सायकलवाला.

दुसऱ्या खेपेनंतर अप्पांनी दाढी करणं सोडलं. जेवायला बसले की पहिल्या घासानंतर हात थांबायचा. "चित्रातला होता हो तो," असं मी तीन-चारदा म्हणालो. एकदा ते म्हणाले, "त्याच्या डोक्यावर लाल टोपी होती." एवढंच. मला ते बघवेना. तिसरी परीक्षा बारा दिवसांवर आली होती आणि माझे वडील माझ्या डोळ्यांदेखत म्हातारे होत होते.

मी लायसन ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या माणसाला विचारलं, "वडिलांना मशीनवर थोडा सराव करायला मिळेल का?"

"सरावाची सोय नाही," तो म्हणाला. "मशीन परीक्षेसाठी आहे."

"मग सराव करायचा कुठे?"

"घरी करायचा."

"घरी असलं मशीन कसं असणार?"

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग घ्या," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

तर हे असं झालं. घरी येऊन चौकशी केली तेव्हा कळलं की असलं मशीन म्हणजे दुसरं काही नाही, गाड्या चालवायचा एक खेळ असतो, तो चालेल असा दणकट कम्प्युटर आणि त्याला जोडायचं स्टिअरिंग. दणकट कम्प्युटर तयार घ्यायचा तर आमची ऐपत नव्हती. सुटे भाग आणून घरी जोडला तर निम्म्यात होतो असं कळलं. बायकोनं वॉशिंग मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून माझ्या हातात ठेवले. ती दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे, त्यामुळे कमी बोलून समोरच्याला गप्प बसवायची तिला सवय आहे. "कपडे मी हातानं धुते आहेच," ती म्हणाली. "पण अहो, एकदाच घ्या. नीट घ्या."

नीट घेणे या बाबतीत मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मी पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात सव्वीस वर्षं काढली आहेत. नळाच्या तोट्यांपासून गमबुटांपर्यंत माझ्या सहीशिवाय काही आत येत नाही आणि बाहेर जात नाही. आमच्याकडे वस्तू घ्यायची पद्धत ठरलेली आहे. प्रत्येक वस्तूसाठी तीन दुकानांतून बंद पाकिटात कोटेशन मागवायचं, तुलनात्मक तक्ता करायचा, सर्वांत कमी दर मंजूर करायचा. या पद्धतीनं आजवर माझ्यावर एकही आक्षेप आलेला नाही.

कम्प्युटरचे भाग निघाले आठ. म्हणजे चोवीस कोटेशनं. दुकानदारांना बंद पाकीट म्हटल्यावर ते बघतच राहिले. एकानं चहाच्या रिकाम्या पुड्याच्या मागे दर लिहून तो पुडा स्टेपलरनं बंद करून दिला. दुसऱ्यानं विचारलं, "काका, कोणता गेम खेळणार?"

"मी नाही, वडील खेळणार आहेत."

त्यानं शेजारच्याला हाक मारून बोलावलं आणि मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

घरी मी खरेदी समिती नेमली. अध्यक्ष बायको, सदस्य अप्पा, त्रयस्थ सदस्य म्हणून वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. मुख्याध्यापकांना कम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण त्यांना कशातलंही काही कळत नसताना निर्णय द्यायची तीस वर्षांची सवय होती. त्यांनी तक्ता लाल शाईनं तपासला आणि खाली 'समाधानकारक' असा शेरा दिला. समोरच्या घरातले विमा एजंट समितीत नव्हते, म्हणून जास्तच बोलत होते. "सगळं एका दुकानातून घ्या हो," ते म्हणाले. "एकाची कॉलर धरता येते." मी त्यांना शांतपणे समजावलं की एकाच दुकानातून घेणं हे नियमांत बसत नाही. हे वाक्य पुढे आठवडाभर ते सगळ्या बिल्डिंगला ऐकवत होते.

चौथ्या दिवशी आठ भाग सात दुकानांतून घरी आले. प्रत्येक भाग आपापल्या जागी सर्वांत स्वस्त होता. फक्त एकाचं दुसऱ्याशी जमत नव्हतं.

प्रोसेसर म्हणजे कम्प्युटरचा मेंदू. तो मदरबोर्ड नावाच्या मोठ्या पाटीवरच्या एका चौकोनी खाचेत बसतो. आमचा मेंदू खाचेपेक्षा दोन सूत मोठा होता. मी तो फिरवून बघितला, उलटा धरून बघितला. मुख्याध्यापक म्हणाले, "सुरुवातीला नवीन वस्तू घट्टच असते. थोडा जोर द्या." सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी कोणाच्या सांगण्यावरून कधी जोर दिलेला नाही, म्हणून तो मेंदू वाचला. दुकानात बदलायला नेला तर दुकानदार म्हणाला, मूळ खोक्यासकट आणा. मूळ खोकं बायकोनं कापून स्वयंपाकघराच्या कप्प्यात अंथरलं होतं. मी ते कप्प्यातून उचकटून, चिकटपट्टी लावून, कडेला हळदीचा डाग असलेलं खोकं काउंटरवर ठेवलं. दुकानदारानं ते दोन बोटांनी उचललं. मी सरकारी नोकर आहे आणि त्या क्षणी मला कोणी ओळखीचं भेटू नये एवढीच माझी इच्छा होती. विमा एजंट तिथेच पेन ड्राइव्ह घेत होते.

मेंदू बदलून मिळाला. मग ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर चित्र हलवायचं काम या कार्डाचं, आणि खेळासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं, हे मला एकूण एक माणसानं सांगितलं होतं. ते वापरलेलं, पण सर्वांत कमी दराचं होतं आणि हातभर लांब होतं. कॅबिनेट, म्हणजे ज्या पेटीत हे सगळं बसवायचं ती, तीही सर्वांत कमी दराची आणि म्हणून सर्वांत आखूड होती. पेटी बदलून मिळेना. शेवटी मी पत्रा कापायची करवत आणली आणि पेटीच्या पुढच्या अंगाला खिडकी पाडली. अंगठा कापला. त्याला चार टाके पडले नाहीत, दोनच पडले, पण बायकोनं डॉक्टरांच्या दवाखान्यातली पट्टी एवढी मोठी बांधली की ऑफिसात सगळ्यांनी अंगठाच गेला अशी चौकशी केली. कारण सांगताना मी 'घरकाम' असं सांगितलं. वडिलांसाठी गेमचा कम्प्युटर बनवतोय हे भांडार विभागात सांगायची माझी छाती नव्हती.

सहाव्या दिवशी संध्याकाळी सगळं जोडून झालं. कार्डाचं शेपूट पेटीच्या बाहेर वीतभर डोकावत होतं. बिल्डिंगमध्ये बातमी गेलेलीच होती. मुख्याध्यापक आले, एजंट आले, त्यांची बायको आली. अप्पा कोपऱ्यात दाढी वाढवून बसले होते. मी बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. आणि पेटीतून तीनदा लांब आवाज आला. टूं, टूं, टूं.

"अर्थिंग नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"धूळ असणार," एजंटांची बायको म्हणाली.

"एका दुकानातून घेतलं असतं तर..." एजंट म्हणाले.

मी पुन्हा बटण दाबलं. टूं, टूं, टूं. अप्पा उठले आणि आत गेले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'असू दे' असा तो हात होता, आणि तो मला सगळ्यात जास्त लागला. सहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून पेटी उचलली आणि गल्लीच्या तोंडाशी जिन्याखाली दुकान असलेल्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेली. चार फूट बाय सहा फुटांचं दुकान, भिंतीवर तारांचे वेटोळे, आणि मधोमध एका उंच स्टुलावर बाई. त्यांनी पेटीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, बाहेर आलेल्या शेपटाकडे बघितलं. पेटी उघडून त्यांनी आतल्या एका हिरव्या पट्टीवर अंगठा ठेवला आणि दाबला. टक् असा आवाज झाला.

"रॅम होती," त्या म्हणाल्या. "नीट बसली नव्हती. काका, तुम्ही घाबरून लावलीय."

त्यांनी पैसे घेतले नाहीत. एका अंगठ्याच्या दाबाचे काय घेणार, म्हणाल्या. मी मात्र दोन दिवस पट्टीतला अंगठा घेऊन फिरत होतो, त्यामुळे मला ते टोचलं.

त्याच संध्याकाळी कम्प्युटर चालू झाला. स्टिअरिंग टेबलाला आवळलं, पेडलं जमिनीवर ठेवून ती सरकू नयेत म्हणून मागे वरवंटा लावला. अप्पा खुर्चीत बसले. पडद्यावर रस्ता आला, झाडं आली, लांबवर गाव आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी गाडी पुढे घेतली, स्टिअरिंग उजवीकडे वळवलं, आणि काहीच झालं नाही. मग, पाव सेकंद म्हणा, अर्धा सेकंद म्हणा, थांबून गाडी एकदम उजवीकडे वळली आणि टपालपेटी गेली. अप्पांनी ब्रेक दाबला. गाडी पुढेच गेली. बकऱ्या गेल्या. मग ब्रेक लागला. चित्र सगळं अडकत अडकत, उशिरा येत होतं. कमी दराचं कार्ड खेळाच्या ओझ्याखाली हाशहुश करत होतं.

"हे तर कुत्र्याच्या वेळेसारखंच झालं," मुख्याध्यापक म्हणाले. घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत हे मी बायकोला कितीदा सांगितलं आहे.

अप्पांनी मात्र स्टिअरिंग सोडलं नाही. भाजीची गाडी उडाल्यावर ते म्हणाले, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावलं. लोक कंटाळून गेले. अप्पा बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर अप्पा दाढी करून, शर्ट घालून, खिशात लायसन ठेवून गाडी चालवत होते. सायकलवाले मरत होते, पण कमी मरत होते. आमची बायको दारात उभी राहून बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ते सकाळी दोन पोळ्या जास्त जेवले," ती म्हणाली.

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात ते उशिरा येणारं चित्र बसलं होतं. माझं यंत्र अडकतं हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. जिन्यात एजंट भेटले की विचारायचे, "काय, अजून ढकलावं लागतं का?" परीक्षेला दोन दिवस उरले असताना मी खरेदी समितीची बैठक न बोलावता, आयुष्यात पहिल्यांदा एकही कोटेशन न घेता, जिन्याखालच्या बाईंकडे गेलो. आपलं कार्ड दिलं, वर माझी सायकल दिली, आणि त्यांच्याकडचं एक चांगलं कार्ड घेतलं. ते आखूडही होतं. पेटीची खिडकी रिकामी राहिली, त्यावर बायकोनं रुमाल लावला.

काय सांगू तुम्हाला! चित्र लोण्यासारखं धावायला लागलं. अप्पांचा हात हलला की गाडी हलत होती. मुख्याध्यापक म्हणाले, "उत्तम." एजंटसुद्धा खुर्ची ओढून पुढे बसले. मी रात्रीच्या जेवणाला ताठ मानेनं बसलो. तेव्हा अप्पा म्हणाले, "हे बरोबर नाही रे."

"काय बरोबर नाही?"

"हे अडकत नाही."

"अप्पा, अडकू नये म्हणूनच तर सायकल दिली!"

"ऑफिसातलं अडकतं," अप्पा म्हणाले. "आधी मला वाटायचं माझंच चुकतंय. म्हटलं, हात म्हातारे झाले. तुझ्या यंत्रावर बसलो तेव्हा कळलं. तिथलं मशीनही असंच मागून येतं. तुझं होतं ना, अगदी तस्संच. त्याच्यावर माझा हात बसत चालला होता."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी अप्पांकडे बघितलं. परीक्षा शनिवारी होती आणि हा गुरुवार होता.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीपासून मी जिन्याखाली उभा होतो. बाई माझ्याच सायकलवरून आल्या.

"मला माझं जुनं कार्ड परत पाहिजे," मी चांगलं कार्ड पुढे करत म्हणालो.

"ते खराब आहे काका."

"माहीत आहे. मला तेवढंच खराब पाहिजे. त्याच्यापेक्षा कमी खराब चालणार नाही."

बाईंनी सायकल स्टँडला लावली. अशी माणसं त्यांच्याकडे येत असणार, कारण त्यांचा चेहरा बदलला नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, कुत्रं, लाल टोपी, पंच मशीन. बाई स्टुलावरून उतरल्या आणि मागच्या भंगाराच्या खोक्यात हात घातला. एकापाठोपाठ एक कार्डं बाहेर काढली. दोन तसलीच निघाली, पण मला माझंच हवं होतं. अगदी खाली ते मिळालं, शेपटाला धूळ आणि टोकाला काळं.

"चालेल का सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "सायकलही घेऊन जा. पण मी चांगलं काढून वाईट दिलं असं कोणाला सांगू नका."

घरी येऊन जोडलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळा. अप्पा बाजूला उभे होते, दोन्ही हात मागे बांधून, बसच्या इंजिनात बिघाड झाल्यावर मेकॅनिकच्या मागे उभं राहावं तसे. दहा वाजले. अकरा वाजले. मी रॅमवर अंगठा ठेवून दाबला, या वेळी न घाबरता. काळा. तेव्हा बायकोनं दवाखान्याला फोन करून सांगितलं की मी उशिरा येते, कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "सरका."

तिनं कार्ड खिडकीजवळ उजेडात धरलं. त्याच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते, ती मेणचटून काळी पडली होती. "याला किती वर्षांची कीट आहे!" ती म्हणाली. पेन्सिलचं खोडरबर घेऊन एकेक दात घासायला लागली. मी आणि अप्पा बघत होतो. पुढून घासलं, मागून घासलं, कापसानं पुसलं, फुंकर नाही मारली. "फुंकर मारायची नसते, आत ओल जाते," ती म्हणाली, आणि मला जाणवलं की आठ दिवस मी प्रत्येक भागावर फुंकर मारत होतो.

कार्ड बसवलं. बटण दाबलं. पंखा फिरला. आणि मग, अर्ध्या सेकंदानं, रस्ता आला. असा अडकणारा रस्ता बघून इतका आनंद झालेलं आमचं घर एकटंच असेल. अप्पा खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मी मागे स्टुलावर बसून बघत होतो. शेवटच्या तासात एकही सायकलवाला गेला नाही. "चित्र मागून येतंय ना," अप्पा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "म्हणून रस्त्यावर जे दिसतंय ते नाही बघायचं. जे दिसणार आहे ते बघायचं."

शनिवारी आम्ही वेळेच्या आधी तासभर लायसन ऑफिसात पोचलो. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. परीक्षेच्या खोलीला अर्धी काच आहे. मी सहज आत बघितलं. आत नवं कोरं मशीन होतं. मोठा पडदा, चकचकीत स्टिअरिंग, खुर्चीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. एक जण चालवत होता. त्याचा हात हलला की गाडी हलत होती.

मी धावत खिडकीवर गेलो. "जुनं मशीन कुठे आहे?"

"निर्लेखित केलं," तोच माणूस म्हणाला. "परवा नवीन बसवलं. फार तक्रारी होत्या."

निर्लेखित म्हणजे नोंदवहीतून कायमचं काढून टाकलेलं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझ्या सहीनं शेकडो वस्तू निर्लेखित झाल्या आहेत आणि त्यांतली एकही परत आलेली नाही.

"वडिलांची परीक्षा पुढे ढकलता येईल का? आठ दिवस? चार?"

"गैरहजर म्हणजे नापास."

"अहो, पण त्यांनी सराव जुन्यावर..."

"सराव कुठे केला?" त्यानं विचारलं. "सरावाची सोय नाही इथे."

मी परत आलो तोवर अप्पांनी काचेतून बघितलं होतं. त्यांना सांगायची वेळ आली नाही. ते फक्त म्हणाले, "हे अडकत नाही."

"अप्पा, मी चुकलो. ते चांगलं कार्ड राहू द्यायला हवं होतं."

"आता बसायचं का नाही?" अप्पा म्हणाले आणि आत गेले. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी खिशातलं लायसन काढून टेबलावर ठेवायला सांगितलं. अप्पांनी ठेवलं. त्याच्या शेजारी पंच मशीन होतं.

मी काचेला नाक लावून उभा राहिलो. अप्पांनी गाडी काढली. पहिल्याच वळणावर, समोर काहीही नसताना, त्यांनी वेग कमी केला. ते अजून त्या अर्ध्या सेकंदाचा हिशेब धरून चालवत होते. सिग्नल हिरवा असतानाच पाय ब्रेकवर. उभ्या ट्रकच्या मागे, रिकाम्या रस्त्यावर, गाडी जवळजवळ थांबवली. मी मनात 'चला, चला' करत होतो. आणि त्या ट्रकच्या पुढून चेंडू आला, चेंडूमागून मूल आलं, आणि अप्पांची गाडी आधीच थांबलेली होती. मूल रस्ता ओलांडून गेलं. पुढे शाळेपाशी तसंच. पुलापाशी तसंच. सायकलवाला आला. माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा सायकलवाला पुढे निघून गेला होता आणि अप्पा मागून सावकाश येत होते.

वीस मिनिटं झाली. छापलेला कागद बाहेर आला. बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मला आत बोलावलं. मी आत जाताना पंच मशीनकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि त्याच्याकडेच बघत गेलो.

"धोक्याचा अंदाज, पंचवीसपैकी पंचवीस," बाई म्हणाल्या. "नव्या मशीनवर एवढे गुण अजून कोणाला पडले नाहीत. धोका दिसायच्या आधीच हे थांबतात. आजोबा, कुठे शिकलात?"

"चौतीस वर्षं बस," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "पण मध्यंतरी विसरलो होतो. यानं घरी यंत्र बनवलं माझ्यासाठी. त्याच्यावर पुन्हा आलं. असं यंत्र तुमच्याकडेसुद्धा नाही."

बाईंनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मला सांगायला हवं होतं की ते यंत्र सर्वांत कमी दराचं होतं, अर्धा सेकंद मागे चालायचं, आणि त्यात जे कामाला आलं तो त्याचा दोष होता. तोंड उघडलंसुद्धा. पण पन्नास वर्षांत अप्पांनी माझ्या हातच्या कुठल्या वस्तूला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं, म्हणून मी ते पुन्हा मिटलं. बाईंनी लायसनवर शिक्का मारून ते अप्पांना परत दिलं. अप्पांनी ते खिशात ठेवलं आणि वरून दोनदा थोपटलं.

बाहेर आलो. समोरच्या बसथांब्यावर जायला रस्ता ओलांडायचा होता. मी पाऊल टाकणार तेवढ्यात अप्पांनी माझा हात धरला.

"थांब," ते म्हणाले.

मी दोन्हीकडे बघितलं. कोपऱ्यापर्यंत एकही गाडी नव्हती.

"काय झालं अप्पा?"

"येईल," अप्पा म्हणाले.

भांडार विभागात सव्वीस वर्षं नोकरी झालेला मी, वडिलांच्या हातात हात देऊन मोकळ्या रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. लोक आमच्याकडे बघत पुढे जात होते. मला अजिबात घाई नव्हती.